डेटाबेस फुकट मिळतो, राखणदार नाही

सरकारी निविदेच्या खर्चाच्या तक्त्यात हल्ली एक ओळ हमखास दिसते. डेटाबेस (माहिती साठवणारं सॉफ्टवेअर) : पोस्टग्रेस, किंवा मायएसक्यूएल, किंवा मारियाडीबी. लायसन्स शुल्क : शून्य. या शून्यावर सगळेच खूश असतात. खातं खूश, कारण पूर्वी हीच ओळ अंदाजपत्रक फुगवायची. कंत्राटदार खूश, कारण एल-वन, म्हणजे सर्वांत कमी बोलीचा, ठरण्याच्या शर्यतीत त्याचा आकडा तेवढा खाली आला. त्याच तक्त्यात पुढे मनुष्यबळाचा भाग येतो. तिथे प्रोजेक्ट मॅनेजर असतो, डेव्हलपर असतात, हेल्पडेस्कवर बसणारी पोरं असतात, झालंच तर एखादा सिस्टीम अ‍ॅडमिन. डीबीए, म्हणजे डेटाबेसची रोजची देखभाल करणारा माणूस, मात्र बहुतेक वेळा नसतो. का नाही म्हणून विचारलं की उत्तर तयार : ओपन सोर्सच आहे ना, डेव्हलपर बघून घेतील.

मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्त स्रोत (ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो असं) सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. निविदा काढताना ओपन सोर्सचा पर्याय विचारात घ्यायचाच, आणि डावलायचा असेल तर कारण द्यायचं, हा त्याचा गाभा. धोरण चांगलं होतं, आजही आहे. असं सॉफ्टवेअर मिळून घडवणाऱ्या समुदायांशी सहकार्य करण्याचा उल्लेखही त्यात आहे. पण निविदेच्या तक्त्यात उतरेल असं त्यातलं फक्त 'काय घ्यायचं' एवढंच निघालं. घेतल्यावर सांभाळायचं कोणी, आणि ज्यांनी ते बनवलं त्यांच्याशी आपला व्यवहार काय, हे खात्यांवर सोडलं गेलं. खात्यांनी ते कंत्राटदाराकडे ढकललं आणि कंत्राटदाराने अर्थातच ते गाळून टाकलं.

माझं म्हणणं साधं आहे. लायसन्सपोटी वाचलेला पैसा ही बचत धरू नये. त्यातला ठरलेला भाग डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसावर आणि तो डेटाबेस घडवणाऱ्या समुदायावर खर्च झाला पाहिजे, आणि तसं निविदेत लिहिलेलं असलं पाहिजे. या दोन खर्चांना मी एकत्र बांधतोय, कारण ओपन सोर्स डेटाबेसच्या बाबतीत सांभाळणारा माणूस हाच समुदायाशी जोडणारा एकमेव धागा असतो. तो नसला की आपण नुसते डाउनलोड करणारे उरतो.

आधी सांभाळणं म्हणजे काय ते पाहू, कारण 'डेव्हलपर बघून घेतील' हे वाक्य तिथेच अडखळतं. पोस्टग्रेसमध्ये माहिती बदलणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक मिळतो. तो ३२ बिटांचा असतो, म्हणजे साधारण २१४ कोटी व्यवहार झाले की जुनं कोणतं आणि नवं कोणतं याचा घोळ व्हायची वेळ येते. तो होऊ नये म्हणून व्हॅक्यूम नावाची प्रक्रिया मागे सतत चालू असते आणि जुन्या नोंदींवर 'या कायमच्या जुन्या' असा शिक्का मारत जाते. कोणी एखादा व्यवहार दिवसेंदिवस उघडा ठेवला, किंवा 'सर्व्हर स्लो होतोय' म्हणून व्हॅक्यूमच बंद करून टाकलं, की हे काम तुंबतं. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये चार कोटी क्रमांक शिल्लक राहिले की लॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या नोंदवहीत, इशारे यायला लागतात. तीस लाखांच्या खाली गेलं की डेटाबेस नवीन काही लिहूनच घेत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये मँड्रिल या ईमेल पाठवणाऱ्या सेवेचं नेमकं हेच झालं. ती काही अडाण्यांची कंपनी नव्हती. तो इशारा लॉगमध्ये असतो. प्रश्न एवढाच, की लॉग वाचणं हे कोणाचं काम आहे? ज्या कार्यालयात ते कोणाचंच नाही, तिथे चार कोटींचा इशारा आणि तीस लाखांचा दिवस यांच्यात काहीच घडत नाही.

बॅकअपचं तर विचारूच नका. बॅकअप नाही असं कोणीच म्हणत नाही. रोज रात्री दोन वाजता स्क्रिप्ट चालते, फाइल बनते, तिच्या नावात तारीख असते. आता एक गंमत बघा. पोस्टग्रेसची प्रत काढणाऱ्या पीजीडंप या प्रोग्रॅमचा निकाल थेट जीझिप या फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला द्यायचा, ही जवळपास प्रत्येक ठिकाणची पद्धत. समजा पासवर्ड बदलला, किंवा सर्व्हर नव्या आवृत्तीवर गेला आणि पीजीडंप जुनाच राहिला. पीजीडंप चुकतो आणि थांबतो. जीझिपला मात्र याची गंधवार्ता नसते. त्याला रिकामा मजकूर मिळतो, तो इमानेइतबारे रिकाम्या मजकुराची फाइल करून 'काम झालं' असं कळवतो. ती फाइल वीस बाइटची असते. रोज एक, तारखेसकट. महिनाभराच्या वीस-वीस बाइटच्या फाइली एका फोल्डरमध्ये ओळीने लागलेल्या असतात आणि मासिक अहवालात 'बॅकअप : नियमित' असं लिहून जातं. फाइलचा आकार बघणारा माणूस असेल तर हे पहिल्याच सकाळी कळतं.

गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेवर ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री याच जातीचा प्रसंग आला. रेप्लिका, म्हणजे दुय्यम सर्व्हरवरची सतत चालू नक्कल, मागे पडली होती, इंजिनिअर रात्री उशिरापर्यंत ती सावरत होता, आणि दुय्यम सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसायची ती त्याने चुकून मुख्य सर्व्हरवरची पुसली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, पण सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला सुरुवात झाली. आवृत्ती जुळत नसल्यामुळे पीजीडंप गप्पपणे फसत होता, आणि तो फसतोय असं सांगणारे ईमेल नाकारले जात होते. बॅकअप आणि रेप्लिकेशनचे पाच उपाय होते, त्यातला एकही धड चालत नव्हता, असं त्यांनी स्वतःच लिहून टाकलं. वाचवलं ते एका योगायोगाने : कोणीतरी सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने. मधल्या सहा तासांचं गेलं ते गेलंच. पण पुढचं महत्त्वाचं आहे. दुरुस्ती चालू असताना त्यांनी ती यूट्यूबवर थेट दाखवली, कामाच्या टिपणांची फाइल सगळ्यांना उघडी ठेवली, नंतर कारणांचा तपशीलवार अहवाल काढला आणि त्या इंजिनिअरला बळीचा बकरा केलं नाही. आज जगभरातले डीबीए बॅकअप शिकवताना तो अहवाल पुढे ठेवतात. आपल्याकडे एखाद्या सार्वजनिक संस्थेचा डेटा गेला तर 'तांत्रिक अडचणीमुळे सेवा बंद आहे' या एका पाटीपलीकडे काही बाहेर येत नाही. त्यामुळे एका महापालिकेला लागलेली ठेच दुसरीला शहाणी करत नाही.

इथे अनुभवी अधिकारी एक आक्षेप घेतात आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, महागडा डेटाबेस घेतला की निदान धरायला मानगूट असते. रात्री तीन वाजता फोन लावता येतो, लेखापरीक्षणात बोट दाखवता येतं. ओपन सोर्समध्ये कोणाला धरायचं? यातला अर्धा भाग खरा आहे. पण पोस्टग्रेसचाही पैसे देऊन सपोर्ट मिळतो, तो देणाऱ्या कंपन्या भारतात आहेत, आणि तो पर्याय निविदेत लिहायला कोणी अडवलेलं नाही. उरलेला अर्धा भाग गैरसमजाचा. लायसन्स विकणारी कंपनी तुमच्या बॅकअपमधून डेटा परत उभा (रिस्टोअर) होतो का हे तपासायला येत नाही. तुमच्या कोणत्या टेबलवर कोणाला कसली परवानगी आहे, हेही बघत नाही. मानगूट धरायला मिळते ती बहुधा डेटा गेल्यानंतर. क्लाउडवरचा तयार डेटाबेस घ्या, असा दुसरा सल्ला मिळतो. तो छोट्या संस्थांना चांगला आहे. पॅच आणि बॅकअपची कटकट बरीच कमी होते. पण चुकीची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न), नसलेला इंडेक्स (पटकन शोधायची सूची), नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा चालू असलेला लॉगिन, हे सगळं क्लाउडवरही तुमचंच. कोकणात गावाच्या राखणदाराला वर्षाकाठी नारळ-कोंबडा देऊन भागतं. इथल्या राखणदाराला महिन्याच्या महिन्याला पगार लागतो.

आता समुदायाकडे येतो. समुदाय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोड लिहिणारे येतात, पण डेटाबेसच्या इतिहासातल्या काही मोठ्या गोष्टी सांभाळणाऱ्यांच्या नजरेतून निघाल्या आहेत. २०१८ च्या मार्चमध्ये पोस्टग्रेसच्या लोकांपुढे एक विचित्र प्रकरण आलं. स्टोरेजमध्ये बिघाड होऊन एका वापरकर्त्याचा डेटा खराब झाला होता. माग काढत गेल्यावर कळलं, की 'डिस्कवर पक्कं लिही' असं लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमला सांगितलं आणि ते फसलं, तर लिनक्स ती चूक एकदाच सांगतो. पुन्हा विचारलं की 'सगळं ठीक' म्हणतो, कारण मधल्या काळात ती माहिती लिहिलेली धरून मोकळा झालेला असतो. पोस्टग्रेस वीस वर्षं 'पुन्हा प्रयत्न करू' याच भरवशावर चाललं होतं. फेब्रुवारी २०१९ च्या अपडेटमध्ये वागणं बदललं : अशी चूक आली की डेटाबेस सरळ खाली बसतो आणि केलेल्या बदलांच्या वेगळ्या लॉगवरून नव्याने उभा राहतो. कोणाचा तरी डेटा गेला, कोणीतरी तो 'डिस्क खराब होती' म्हणून सोडून न देता कारण खणत गेलं, म्हणून हे झालं.

दुसरं उदाहरण याहून प्रसिद्ध आहे. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसचे कमिटर, म्हणजे मूळ कोडमध्ये बदल घालण्याचा अधिकार असलेले, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. २०२४ मध्ये पोस्टग्रेसचा वेग मोजताना त्यांना दिसलं, की आपल्या यंत्रावर एसएसएच लॉगिनला (दुरून सर्व्हरवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसरा कोणी असता तर चहा पिऊन विसरून गेला असता. ते मागे लागले आणि २९ मार्चला त्यांनी जाहीर केलं, की एक्सझेड या जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असलेल्या लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडमध्ये, कोणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. ती लायब्ररी वर्षानुवर्षं एकच थकलेला माणूस सांभाळत होता, आणि त्याच्या मदतीला म्हणून आलेल्या एका बनावट नावाने दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून हे केलं होतं. म्हणजे एकाच गोष्टीत दोन्ही टोकं दिसली : राखणारा माणूस एकटा पडला की काय होतं, आणि लक्ष देऊन बघणाऱ्याला पोटापाण्याची चिंता नसली की काय होतं.

आपला वाटा कुठे आहे याचं एक अगदी घरातलं उदाहरण देतो. शाळेत शिकवलेल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. संगणक अक्षरांना क्रमांक देतात त्या युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो ल च्या शेजारी, व च्या आधी बसलाय. म्हणून लाभार्थ्यांची यादी नुसत्या युनिकोडच्या क्रमाने लावली तर काळे आधी आणि कावळे नंतर. मराठी क्रमाने हवं असेल तर कावळे आधी. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या लायब्ररीची क्रमवारी वापरता येते आणि त्यात मराठीसाठी वेगळे नियम आहेत. एका क्वेरीत क्रमवारीचं नाव तेवढं लिहायचं. किती सरकारी याद्या ते वापरतात? यादी हाताने नीट लावायला ऑपरेटर बसवलेला मात्र असतो.

आणि ही केवळ शोभेची बाब नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने लिनक्सच्या अंगभूत क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. डेबियन १० किंवा रेडहॅट ८ या लिनक्सच्या आवृत्त्यांवर जाताना ज्यांनी तोच डेटा जसाच्या तसा पुढे चालवला, त्यांचे मजकुरावरचे जुने इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेले आणि शोध नव्या क्रमाने, अशी स्थिती झाली. नाव टेबलमध्ये असतं, पण शोधलं तर सापडत नाही. नाव एकदाच यावं अशी अट असूनही ते दुसऱ्यांदा घुसतं. उपाय सोपा, इंडेक्स पुन्हा बांधायचे. पण ते करायचं हे माहीत असणारा कोणी हवा. देवनागरी डेटावर, खऱ्या याद्यांवर अशा गोष्टी कशा वागतात हे बर्लिन किंवा बोस्टनमधला डेव्हलपर तपासणार नाही. त्याच्याकडे तो डेटाच नाही. दरवर्षी पोस्टग्रेसची नवी आवृत्ती शरद ऋतूत येते, त्याआधी काही महिने बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, फुकट मिळतो. आपल्या एखाद्या खात्याने बनावट नावांची पण खऱ्या धाटणीची मराठी यादी घेऊन तो बीटा तपासला आणि सापडलेली चूक नीट लिहून कळवली, तर तेही योगदान आहे, आणि ते करायला सी भाषा यावी लागत नाही.

महाराष्ट्रात हात नाहीत असं नाही. पोस्टग्रेस चालवण्यासाठी जगभर वापरलं जाणारं पीजीअ‍ॅडमिन घ्या. त्याच्या कामाचा मोठा भाग पुण्यातून होतो. मुंबईत घडलेलं ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचे हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर मारियाडीबीवर उभं आहे. पोस्टग्रेसच्या २००८ च्या आवृत्तीत एक सुधारणा आली, जिच्यामुळे ओळ बदलली तरी प्रत्येक वेळी सगळे इंडेक्स बदलावे लागत नाहीत. तिच्या श्रेयात पहिलं नाव एका भारतीय अभियंत्याचं आहे. हे सगळं कंपन्यांच्या पगारावर झालं, आणि त्यात गैर काही नाही. रिकामपणी, हौसेने डेटाबेस घडतो हा समज तसाही भाबडा आहे. अडचण वेगळी आहे. घडवणारे एका इमारतीत आणि वापरणारे दुसऱ्या. मधे रस्ता आहे, पण तो ओलांडणारा डीबीए नेमलेलाच नाही.

पगार कोण देतं यावर समुदायाचा तोल ठरतो, हे गेल्या काही वर्षांत चांगलंच दिसलं. मायएसक्यूएल २००८ मध्ये सन या कंपनीकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेलं. मूळ लेखकाने मारियाडीबीची वेगळी चूल मांडली. मोंगोडीबी या डेटाबेसने २०१८ मध्ये, रेडिस या दुसऱ्या डेटाबेसने २०२४ मध्ये लायसन्स आवळलं. रेडिसच्या बाबतीत आठ दिवसांत त्याच कोडवरून वाल्की नावाची वेगळी फांदी निघाली आणि वर्षभराने रेडिसला पुन्हा मोकळ्या लायसन्सचा पर्याय द्यावा लागला. कंपन्यांना मी सरसकट दोष देणार नाही. मोठे क्लाउडवाले त्यांचंच सॉफ्टवेअर विकून कमावत होते, हे खरंच होतं. पण ज्या खात्याने 'ओपन सोर्स आहे' एवढंच बघून निवड केली, त्याला या भांडणात आपण कुठे उभे आहोत हेही कळलं नसणार. पोस्टग्रेसचं वेगळेपण इथे आहे : त्याची मालकी कोणा एका कंपनीकडे नाही. २०२० मध्ये एका कंपनीने दुसरी विकत घेतली तेव्हा पोस्टग्रेसचा कारभार बघणाऱ्या कोअर टीममधल्या पाचांपैकी तिघं एकाच मालकाकडे आले असते. निम्म्याहून जास्त एका कंपनीचे नकोत, हा संकेत पाळायला त्यांनी बाहेरचे दोघं घेऊन टीम सातची केली. २०२५ मध्ये मात्र डेटाब्रिक्सने निऑन आणि स्नोफ्लेकने क्रंची डेटा या पोस्टग्रेसवरच्या कंपन्या घेतल्या. म्हणजे तिथे मोठा पैसा शिरतोय, आणि घडवणाऱ्यांचे पगार मोजक्या हातांत जाताहेत. वापरणाऱ्यांचाही थोडा पैसा तिथे असणं हा एक विमा आहे. जर्मनीने २०२२ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला पैसा देणारा सॉव्हरिन टेक फंड काढला तो याच विचाराने. आपल्याकडे झिरोधाने २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी मुक्त सॉफ्टवेअरसाठी जाहीर केला. एक शेअर दलाल कंपनी हे करते आणि ज्यांच्या डेटाबेसमध्ये कोट्यवधी नागरिक आहेत ती सरकारं करत नाहीत, हे मला खटकतं.

मग करायचं काय? प्रत्येक नगरपालिकेला पूर्णवेळ डीबीए परवडणार नाही, आणि प्रत्येकीला त्याची गरजही नाही. पण राज्यात २९ महापालिका आहेत, सहा महसुली विभाग आहेत. विभागाला चार-पाच जणांचं एक पथक नेमलं, तर त्या विभागातल्या महापालिका, जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांचे डेटाबेस तेवढ्यात सांभाळता येतील. पदं कंत्राटी असली तरी चालतील, फक्त ती अ‍ॅप बनवणाऱ्या कंत्राटदाराच्या हाताखाली नकोत. स्वतःचा बॅकअप स्वतःच तपासायचा आणि स्वतःच सही करायची, ही सोय बंद व्हावी. निविदेत अट हवी, की वर्षातून दोनदा दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर करून खात्याच्या माणसापुढे नोंदी मोजून दाखवल्याशिवाय देखभालीचं बिल निघणार नाही. या एका अटीने वीस बाइटच्या फाइलींचा धंदा बसेल.

समुदायाला द्यायच्या पैशाचं कलम काढलं की लेखा विभाग विचारतो, देणगी कोणत्या नियमात बसते? देणगी म्हणूच नका. सपोर्टचा करार करा, आणि त्यात लिहा की आमच्या कामात सापडलेली चूक दुरुस्त झाली तर ती दुरुस्ती मूळ प्रकल्पाला सादर करायची, आमच्यापुरती खिशात ठेवायची नाही. पथकातल्या प्रत्येकाचे महिन्याचे दोन दिवस बीटा तपासणं, चुका कळवणं आणि मराठी क्रमवारीसारख्या गोष्टींच्या चाचण्या लिहिणं यासाठी राखीव असतील. कामाच्या तासांचा हिशेब हजेरीपटावर दाखवता येतो, कळवलेल्या चुका सार्वजनिक असतात म्हणून लेखापरीक्षकाला त्या मोजता येतात. यासाठी नवा कायदा लागत नाही. पुढच्या निविदेच्या तक्त्यात, त्या शून्याच्या खाली, दोन ओळी वाढवाव्या लागतात.